डोळ्यावर नेम, कानावर फोकस

वाचकांचे प्रश्न : जुन्या रेंजफाइंडर लेन्सेस आणि डिजिटल कॅमेरे

प्रश्न : मी लायका एम २४० हा कॅमेरा सेकंडहँड घेतला. सोबत तीन जुन्या लेन्सेस आहेत : ३५, ५० आणि ९० मिमी. पोर्ट्रेट काढताना फाइंडरमधल्या उजळ चौकोनात डोळ्याच्या दोन प्रतिमा नीट जुळवतो, पण फोटो संगणकावर मोठा केला की डोळा मऊ आणि कान धारदार निघतो. दोष कॅमेऱ्याचा की लेन्सचा? — एक वाचक, दादर

उत्तर : कुठलाही स्क्रू फिरवण्याआधी हाच प्रश्न सुटला पाहिजे. तुम्ही तो आधी विचारलात हे बरं केलंत. रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा, लेन्समधून बघत नाही. लेन्सच्या मागे एक धातूची कड असते, तिला कॅम म्हणतात. माउंटच्या (कॅमेऱ्यावर लेन्स बसते त्या तोंडाच्या) आत वरच्या बाजूला एका दांडीवर छोटा रोलर असतो आणि तो या कॅमला टेकलेला असतो. रोलर जितका सरकेल तितकी फाइंडरमधली दुसरी प्रतिमा सरकते. म्हणजे चूक तीन ठिकाणी असू शकते : काचा जागेवर नसतील, कॅम चुकीचा असेल, किंवा कॅमेऱ्याची दांडी हललेली असेल. तिन्हींचं लक्षण मात्र एकच दिसतं, कान धारदार!

घरच्या टेबलावर अशी चाचणी करा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. साधारण एक मीटरवर काडेपेटी उभी करा, तिची छापील बाजू कॅमेऱ्याकडे आणि बरोबर समांतर. शेजारी ३० सेंमीची स्टीलची पट्टी ४५ अंशांत तिरकी टेकवा, १५ सेंमीची खूण काडेपेटीच्या दर्शनी बाजूच्या रेषेत येईल अशी. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ सर्वांत कमी, दोन सेकंदांचा टायमर. फोकस काडेपेटीवरच्या उभ्या कडेवर करा. रेंजफाइंडरच्या प्रतिमा आडव्या सरकतात, म्हणून आडव्या रेषेवर त्या जुळल्या की नाही ते कळतच नाही. सहा फोटो काढा. तीन वेळा रिंग इन्फिनिटीकडून, म्हणजे सर्वांत दूरच्या टोकाकडून, आणत जुळवा, तीन वेळा जवळच्या टोकाकडून. या दोन गटांत सातत्याने फरक दिसला, तर हेलिकॉइडमध्ये (रिंग फिरवली की काचा पुढे-मागे सरकवणाऱ्या आट्यांमध्ये) किंवा दांडीत ढिलेपणा आहे. तसं असेल तर जुळवणीचा विचार नंतर, आधी तो ढिलेपणा काढून घ्यायचा.

पट्टीवर कुठली खूण सर्वांत स्वच्छ आली ते बघा आणि अंतराला ०.७ ने गुणा, कारण पट्टी तिरकी आहे. खूण ४ सेंमी मागे असेल तर फोकस खरोखर २.८ सेंमी पलीकडे पडतोय. हीच चाचणी तिन्ही लेन्सेसवर करा, आणि मग तीन मीटरवरही.

इन्फिनिटीसाठी घराबाहेर पडावं लागेल. किमान एक किलोमीटरवरची उभी, ठसठशीत रेषा हवी. दादर चौपाटीवरून सी लिंकचे मनोरे उत्तम. मरीन ड्राइव्हवरून मलबार हिलवरच्या इमारतींच्या कडाही चालतील. सकाळी लवकर जा. दुपारी पाण्यावरची हवा थरथरते आणि चांगली लेन्सही वाईट भासते. हिवाळ्यातल्या धुरकट दिवसांपेक्षा पाऊस पडून गेल्यानंतरची सकाळ कितीतरी चांगली.

तुमच्या कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यू आहे, त्यामुळे आणखी एक नेमकी पडताळणी करता येते. पडद्यावर प्रतिमा जास्तीत जास्त मोठी करून लेन्स खऱ्या अर्थाने फोकस करा. मग रिंगला हात न लावता फाइंडरमधून बघा. चौकोनातल्या प्रतिमा जुळलेल्या असतील तर सगळं ठीक. नसतील तर पडदा खरं सांगतोय आणि फाइंडर चुकतोय. एम ९ किंवा त्याआधीच्या एम ८ वर ही सोय नाही, तिथे काडेपेटी आणि पट्टीच कामाला येते.

तिन्ही लेन्सेस एकाच बाजूला चुकत असतील तर दोष कॅमेऱ्याचा. एकच चुकत असेल तर त्या लेन्सचा. ९० मिमी एकटी चुकली तर लगेच तिला दोष देऊ नका. कॅमेऱ्यातली बारीक चूक ३५ वर दिसत नाही, ९० वर ती उघडी पडते. आणि हे सगळं करण्याआधी एक साधी गोष्ट : चष्मा असेल तर तो लावून बघा. चौकोनच अस्पष्ट दिसत असेल तर जुळवाजुळव अंदाजानेच होणार.

प्रश्न : माझ्याकडे रशियन ज्युपिटर-३ (५० मिमी, एफ/१.५) आहे, अडॅप्टर लावून लायका एम १० वर वापरतो. दूरचं सगळं नीट येतं. एक मीटरवर मात्र दरवेळी फोकस तीनएक सेंटिमीटर पलीकडे. बाकीच्या लेन्सेस बरोबर आहेत. जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर हा त्रास कधी जाणवला नव्हता. — एक वाचक, गिरगाव

उत्तर : तुमची लेन्स बिघडलेली नसण्याचीच शक्यता जास्त. मेळ बसत नाहीये तो दोन मापांचा.

लायकाचा रेंजफाइंडर ५१.६ मिमीच्या लेन्सचं सरकणं गृहीत धरून बांधलेला आहे. लेन्सवर '५ सेंमी' लिहिलेलं असलं तरी लायकाची ५० मिमी प्रत्यक्षात ५१.६ च्या आसपास असते. ज्युपिटर-३ ची रचना मात्र झाइस या जर्मन कंपनीच्या सोनार लेन्सवरून आलेली आहे, आणि झाइसने आपल्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यांसाठी सुमारे ५२.४ मिमीचं माप धरलं होतं. ज्युपिटरमध्ये काचा आणि कॅम बरोबरीने सरकतात. फोकसच्या अंतराचं गणित फोकल लेंग्थच्या वर्गावर चालतं. ५२.४ भागिले ५१.६ चा वर्ग केला की १.०३१ येतो, म्हणजे तीन टक्क्यांचा फरक. कॅमेरा 'एक मीटर' म्हणतो तेव्हा लेन्स २.८ सेंमी पलीकडे बघत असते. तुम्ही मोजलेला आकडा आणि हा आकडा जवळजवळ एकच आहेत.

इन्फिनिटीला दोन्ही मापांचा मेळ बसतो, म्हणून दूरचं नीट येतं. जवळ येऊ तसा फरक वाढतो.

फिल्मवर का दिसलं नाही? एफ/१.५ ला एक मीटरवर नेहमीच्या मापाने डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे धारदार दिसणारा पट्टा, साधारण ३.४ सेंमी, डोळ्याच्या पुढे-मागे मिळून. पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटवर २.८ सेंमीची चूक कशीबशी खपून जाते, त्यात फिल्म स्वतःही पूर्ण सपाट राहत नाही. सेन्सर सपाट असतो आणि आपण २४ मेगापिक्सेलचा फोटो पडद्यावर शंभर टक्के मोठा करून बघतो. त्या नजरेने मोजलं तर खरी धारदार पट्टी दीड-पावणेदोन सेंमीचीच उरते. मग चूक लपायला जागा कुठली?

उपाय शिमचा. ज्युपिटरमध्ये काचांचा संच फोकसच्या नळीत आट्यांनी बसवलेला असतो आणि त्याच्या खांद्याखाली धातूची पातळ कडी, म्हणजेच शिम, असते. फोकस पलीकडे पडतोय, म्हणजे काचा सेन्सरपासून थोड्या दूर जायला हव्यात. शिम जाड करायची. एक मीटरवर फोकस तंतोतंत आणायचा तर सुमारे ०.०९ मिमी वाढवावे लागतात.

याची किंमतही मोजावी लागते. ०.०९ वाढवले की फाइंडर इन्फिनिटी दाखवत असताना लेन्स खरं तर तीसेक मीटरवर फोकस झालेली असते. एफ/४ आणि त्यापुढे डेप्थ ही चूक सांभाळून घेते, एफ/१.५ वर घेत नाही. लेन्स मुख्यतः माणसांसाठी असेल तर हा सौदा आम्हाला पूर्ण पटतो. रात्री उघड्या अ‍ॅपर्चरवर दूरचे दिवे कोण किती वेळा टिपतं? दोन्ही हवं असेल तर ०.०५ मिमीवर थांबा. एक मीटरवर साधारण १.२ सेंमीची चूक उरते आणि इन्फिनिटीला फोकस ५५ मीटरच्या आसपास पडतो.

कामाची पद्धत अशी. आधी बाजूला बारीक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) आहे का ते बघा, असेल तर तो सैल करा. तो तसाच ठेवून जोर लावला तर आट्या खराब होतात. फोकसची नळी घट्ट धरून काचांचा संच डावीकडे फिरवत बाहेर काढा. जुनी शिम फेकू नका, मायक्रोमीटरने तिची जाडी मोजून लिहून ठेवा. व्हर्नियर इथे पुरत नाही, त्याचं लघुतम मापच ०.०२ मिमी असतं. पितळी शिमचा पत्रा नागदेवी स्ट्रीटवर हार्डवेअरच्या दुकानांत मागा, ०.०५ मिमीचा. कडी कापल्यावर काठाला जी बारीक कूस उभी राहते ती काचेवर ठेवलेल्या १००० नंबरच्या पॉलिश पेपरवर हलक्या हाताने घासून काढा. कूस राहिली तर ०.०५ ची कडी ०.०८ सारखी वागते आणि लेन्स तिरकीही बसते. एक कडी घाला, चाचणी करा, मग दुसरीचा विचार करा.

कागदाची शिम करू नका. झेरॉक्सचा कागद ०.१ मिमीच्या आसपास असतो, म्हणून मोह होतो. पण तो दाबला जातो आणि मुंबईच्या पावसाळ्यात दमट होऊन फुगतो. जूनमध्ये जुळवलेली लेन्स ऑक्टोबरमध्ये पुन्हा हुकणार.

शिम बदलली की काचांचा संच थोड्या वेगळ्या कोनात घट्ट होतो, त्यामुळे अ‍ॅपर्चरची खूण वरच्या मधोमध न येता बाजूला जाते. फोटोवर त्याचा काही परिणाम नाही.

प्रश्न : माझ्याकडेही ज्युपिटर-३ आहे. एफ/१.५ ला बरोबर जुळवून घेतली, तर एफ/२.८ ला पुन्हा पलीकडे जाते. जुळवणी सुटली का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही, हा रचनेचाच स्वभाव आहे. सोनारसारख्या रचनेत काचेच्या कडेने येणारे किरण मधल्या किरणांपेक्षा थोडे अलीकडे एकत्र येतात. अ‍ॅपर्चर बारीक केलं की कडेचे किरण बंद होतात आणि फोकस मागे सरकतो. एफ/५.६ च्या पुढे डेप्थ त्याला झाकून टाकते, गडबड एफ/२ ते एफ/४ च्या दरम्यान. झाइसच्या एम माउंटच्या नव्या सी सोनार ५० मिमी एफ/१.५ मध्येही हेच आहे. ती सुरुवातीला एफ/२.८ साठी जुळवलेली यायची, त्यामुळे एफ/१.५ ला फोकस थोडा अलीकडे पडायचा. तुम्ही सर्वांत जास्त कुठलं अ‍ॅपर्चर वापरता ते ठरवा आणि त्यावर जुळवा. बाकीच्या वेळी फोकस करून शरीर एक-दोन सेंमी मागे झुकवायची सवय लावून घ्यावी लागते.

प्रश्न : स्क्रूच्या माउंटची लेन्स एमवर लावणारा स्वस्तातला अडॅप्टर घेतला. मायक्रोमीटरने जाडी १.०५ मिमी भरली, हवी होती १.०० मिमी. माझ्या ५० मिमीवर फोकस बरोबर येतो, ९० मिमीवर येत नाही. असं कसं? — एक वाचक, ठाणे

उत्तर : निरीक्षण अचूक आहे, आणि फार थोड्यांच्या लक्षात येणारं. लेन्सच्या बैठकीपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर स्क्रू माउंटमध्ये २८.८० मिमी, एममध्ये २७.८०, म्हणून अडॅप्टर बरोबर १ मिमीचा हवा. तो ०.०५ जाड असेल तर काचा तेवढ्या पुढे जातात. पण कॅमसुद्धा तेवढाच पुढे जातो! ५० मिमीच्या लेन्समध्ये दोघं बरोबरीनेच सरकत असल्याने कॅमेरा ती चूक वाचतो आणि भरून काढतो. फक्त रिंग शेवटपर्यंत फिरवली तरी इन्फिनिटी गाठता येत नाही, आणि फाइंडरमध्येही तसंच दिसतं.

९० मिमीचं तसं नाही. तिथे कॅम जितका सरकतो त्याच्या सुमारे तिप्पट काचा सरकायला हव्यात, कारण ९० भागिले ५१.६ चा वर्ग ३ येतो. कॅम ०.०५ पुढे गेला की कॅमेऱ्याला वाटतं काचा ०.१५ गेल्या असतील. गेलेल्या असतात ०.०५ च. उरलेला ०.१० मिमी म्हणजे फोकसची चूक. ३५ मिमीवर हीच चूक उलट्या दिशेने आणि लहान असते. लेन्सेसना हात लावू नका, अडॅप्टर बदला. नवा घेताना मायक्रोमीटर घेऊन जा आणि चार ठिकाणी जाडी मोजा. चारही ठिकाणी सारखी नसेल तर तो ठेवून द्या, मग किंमत काहीही असो.

प्रश्न : सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यावर जुन्या एम लेन्सेस लावतो. दूरचं दृश्य इन्फिनिटीच्या खुणेआधीच फोकस होतं आणि रिंग त्यानंतरही पुढे फिरते, आणि २८ मिमीचे कोपरे पसरट येतात. अडॅप्टर खराब आहे का? — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : पहिल्या गोष्टीचं कारण अडॅप्टर, दुसरीचं नाही.

सोनी ई माउंटचं अंतर १८ मिमी, म्हणून एम अडॅप्टर ९.८० मिमीचा हवा. निकॉन झेडसाठी ११.८०, फुजी एक्ससाठी १०.१०, एल माउंट आणि कॅनन आरएफसाठी ७.८०. बनवणारे मुद्दाम किंचित पातळ करतात, म्हणजे कुठलीही लेन्स इन्फिनिटीला नक्की पोचते. तुम्ही पडद्यावर मोठं करून फोकस करत असाल तर काहीच बिघडत नाही. इथे कॅम आणि रोलरचा संबंधच नाही. पण रस्त्यावर लेन्सवरचे अंतराचे आकडे बघून फोटो काढत असाल तर ते आकडे खोटे आहेत हे ध्यानात ठेवा. जितकी वाइड लेन्स तितकं हे जास्त बोचतं. अडॅप्टर फक्त ०.०५ मिमी जाड निघाला, तर रिंग इन्फिनिटीवर असताना ५० मिमी ५० मीटरवर फोकस होते, २१ मिमी नऊ मीटरच्या आत आणि १५ मिमी साडेचार मीटरवर. १५ मिमीवर सगळं नेहमीच मऊ येत असेल तर आधी अडॅप्टर मोजा.

कोपऱ्यांचं कारण सेन्सरवरची काच. सोनीच्या फुलफ्रेममध्ये ती साधारण २ मिमी जाड असते, लायका एम ९ वर ०.८ मिमी. जुन्या वाइड रेंजफाइंडर लेन्सेसची मागची काच सेन्सरच्या अगदी जवळ येते, त्यामुळे कोपऱ्यांतले किरण फार तिरके पडतात आणि जाड काचेतून जाताना भरकटतात. शिमने हे सुटत नाही. एफ/८ ते एफ/११ वर काढा, किंवा ती लेन्स एम कॅमेऱ्यासाठी ठेवा. ५० मिमी आणि त्यापुढच्या लेन्सेसना हा त्रास जवळपास नाही.

एकच बाजू मऊ येत असेल तर मात्र अडॅप्टर किंवा लेन्स तिरकी बसतेय. अडॅप्टरचे चार बारीक स्क्रू आधी तपासा, ते हमखास सैल झालेले असतात.

फोकस पीकिंगच्या, म्हणजे फोकस जिथे आहे तिथे कॅमेरा पडद्यावर दाखवतो त्या, रंगीत कडांवर विसंबू नका. एफ/१.५ ला त्या दोन-तीन सेंमीच्या पट्ट्यावर सगळीकडे चमकतात. ज्या अ‍ॅपर्चरला फोटो काढायचा त्याच अ‍ॅपर्चरला, चित्र मोठं करून फोकस करा. सोनारचं सरकणंही मग आपोआप हिशेबात येतं.

प्रश्न : एम कॅमेऱ्याच्या रोलरच्या मधोमध षट्कोनी खाच दिसते. ती २ मिमीच्या ॲलन कीने मी स्वतः फिरवू का? — एक वाचक, वांद्रे

उत्तर : फिरवता येते, आणि तुमचा कॅमेरा वॉरंटीबाहेर असेल व हात स्थिर असेल तर इन्फिनिटीची बारीक दुरुस्ती घरी होऊ शकते. रोलर मध्यबिंदूपासून किंचित बाजूला बसवलेला असतो, त्यामुळे खाच फिरवली की त्याची जागा बदलते. पण अटी पाळा. पहिली : पहिल्या उत्तरातली चाचणी किमान दोन खात्रीच्या लेन्सेसवर करून दोष कॅमेऱ्याचाच आहे हे सिद्ध झालेलं हवं. एखाद्या ज्युपिटरसाठी कॅमेरा वाकवला तर बाकी सगळ्या लेन्सेस हुकतील. दुसरी : मूळ जागेची खूण करून ठेवा. तिसरी : कॅमेऱ्याचं तोंड खाली करून काम करा, ॲलन की हातातून सुटली तर ती शटरवर पडता कामा नये. फिरवायचं ते घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या एक-दोन मिनिटांएवढं, मग लेन्स लावून सी लिंककडे बघायचं.

रोलरने इन्फिनिटी जुळते. जवळचं अंतर दांडीच्या लांबीवर ठरतं, त्याचा स्क्रू वेगळा. एक हलवला की दुसरं हलतं, त्यामुळे दोन्ही टोकं जुळेपर्यंत चार-पाच फेऱ्या होतात. जवळची जुळवणी आणि प्रतिमा वर-खाली दिसत असतील तर ती दुरुस्ती, या दोन्ही गोष्टी जाणकार कारागिराकडे द्या. बोरा बाजार परिसरात कॅमेऱ्याची कामं होतात, पण देण्याआधी एक विचारा : इन्फिनिटी तपासायला त्यांच्याकडे कोलिमेटर (दुकानातच इन्फिनिटीवरची खूण दाखवणारं उपकरण) आहे का? दुकानाच्या दारातून समोरच्या इमारतीवर बघून केलेली जुळवणी इन्फिनिटीची नसते, चाळीस मीटरची असते.

प्रश्न : पावसाळ्यात लेन्सला बुरशी आली म्हणून साफ करून घेतली. काच लख्ख, पण आता इन्फिनिटीच येत नाही. — एक वाचक, मुलुंड

उत्तर : बुरशीने फोकस हलत नाही. उघडून पुन्हा जोडताना तो हलला. दोन कारणं बघायला सांगा. एक, शिम राहून गेली किंवा काचांमधल्या कड्यांचा क्रम बदलला. दोन, हेलिकॉइड चुकीच्या आटीवर सुरू केला. त्याला एकाच वेळी अनेक आट्या सुरू होतात आणि त्यांतली एकच बरोबर असते. वेगळं होण्याच्या नेमक्या क्षणी खूण केली नसेल तर एकेक आटी लावून बघण्यावाचून गत्यंतर नाही, पण ते काम तासाभराचं आहे, लेन्स वाया गेलेली नाही. ज्याने साफ केली त्याच्याकडेच ती परत न्या आणि इन्फिनिटी समोर तपासून घ्या. पुढच्या पावसाळ्यासाठी हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवा. त्याहून फार कोरडं करू नका.